जयताळा, कळमना, चितारओळी: नागपूरची नावं नीट लिहायची-बोलायची कशी

जयताळ्याचं 'जैतला', कळमन्याचं 'कलमना', चितारओळीचं 'चितारोली', दीक्षाभूमीचं 'दिक्षाभुमी'. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, चौकातले फ्लेक्स, बातम्यांचे मथळे, सगळीकडे हे दिसतं आणि मनाला लागतं. ही नावं आपल्याच तोंडातली आहेत. मराठी माणसाने मराठीत लिहिताना ती चुकावीत, असं काही कारण नाही.

चूक होते कशी, ते फ्लेक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की कळतं. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतं, तो इंग्रजी अक्षरांत. ऑपरेटर तो वाचून मराठी कीबोर्डवर टाइप करतो. 'एल' दिसला की बोट 'ल'वर जातं, 'टी-एच' दिसलं की 'थ'वर. जयताळा इंग्रजीत जाताना आपला ळ गमावतो आणि परत येताना तो ळ त्याला कुणी देत नाही. मॅपचा आवाज, कुरिअरचं लेबल, बाहेरगावचा निवेदक, सगळे याच वाटेने चुकतात. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचं मूळ एकच आहे: इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नाव बनवायचं नाही, मराठी नाव मराठीतूनच उचलायचं.

पायरी १: नावाची तीन रूपं वेगळी करा

कुठलंही नाव हाती आलं की तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडा. लोक बोलताना काय म्हणतात, देवनागरीत काय लिहितात आणि रोमनमध्ये काय रुळलं आहे. तिन्ही जुळतीलच असं नाही, आणि जुळली नाहीत म्हणून त्यातलं एक चूक ठरत नाही.

सीताबर्डीच घ्या. बोलताना आपण नुसतं 'बर्डी' म्हणतो, 'बर्डीवर जाऊन येतो' म्हणतो. लिहिताना 'सीताबर्डी', त्यात 'सी' दीर्घ. रोमनमध्ये मात्र 'र्ड'च्या जागी 'एल-डी' आहे आणि 'ब'नंतर 'यू'. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची २६-२७ नोव्हेंबर १८१७ला टेकडीवर लढाई झाली, तिच्या इंग्रजी वर्णनांतही हेच स्पेलिंग आहे. ते आता इतिहासात आणि कागदपत्रांत बसलेलं आहे, ते बदलायच्या मागे लागू नका. पण त्यावरून कुणी 'सीताबुल्दी' वाचलं तर तिथल्या तिथे सांगा. अमरावती रोडवरच्या सुराबर्डीचं रोमन स्पेलिंग मात्र सरळ 'बर्डी' असंच लिहितात. एकाच जिल्ह्यात तेच 'बर्डी' दोन तऱ्हांनी रोमनमध्ये जातं, यावरून रोमनवर किती विसंबायचं ते ठरवा.

कामठीचंही तेच. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे लष्करी छावणी वसवली आणि स्पेलिंगमध्ये 'एम'नंतर एक 'पी' आणि शेवटी दोन 'ई' आले. रेल्वेत आणि कॅन्टोन्मेंटच्या कागदांवर आजही ते तसंच आहे. तिकीट काढताना त्याच स्पेलिंगने शोधा, बोलताना आणि मराठीत लिहिताना 'कामठी'. 'कॅम्पटी' नाही आणि 'कामथी'ही नाही.

पायरी २: रोमन अक्षरांमागचं मराठी अक्षर ओळखा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिली खूण 'ए-ओ' आणि 'ई-ओ' या जोड्यांची. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. त्या काळच्या इंग्रजी कागदांत 'व' बऱ्याचदा 'ओ'ने लिहिला जाई. म्हणून सावनेरच्या स्पेलिंगमध्ये 'व्ही' सापडत नाही, 'ए-ओ' सापडतं. पारशिवनीत 'ई-ओ' आहे. पाचपावली, छावणी, पाटणसावंगी, तलाव, सगळीकडे 'ए-ओ'. वर्धा जिल्ह्यातली देवळी आणि मध्य प्रदेशातली सिवनी 'ई-ओ'च्या. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह ज्या देवगडचा, त्याचंही तेच. तेव्हा रोमनमध्ये ही जोडी दिसली की आधी 'व' आठवायचा. नवख्या माणसाने 'साओनेर' किंवा 'पारसिओनी' म्हटलं तर त्याचा दोष नाही, त्याला ही एक खूण सांगितली की पुरे. शेवटी 'गाव' असलेल्या नावांत याच जोडीपुढे 'एन' येतो, म्हणून बाहेरचे लोक सोनेगावला 'सोनेगाँव' म्हणतात. मराठीत तो नाकातला उच्चार नाही.

दुसरी खूण 'टी-एच'. रोमनमध्ये थ आणि ठ दोन्ही त्यानेच लिहितात. नागपुरात मात्र ठ भरपूर आहे: धरमपेठ, रामदासपेठ, गोकुळपेठ, गणेशपेठ, वाठोडा, कामठी, जामठा. वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या मैदानावर २००८ मध्ये पहिला कसोटी सामना झाला, तेव्हापासून देशभरचे समालोचक 'जामथा' म्हणत आले आहेत. आपल्या मुलांनी तरी ते ऐकून उचलू नये. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी ठ ठोकून देऊ नका. इतवारीतलं मस्कासाथ थनेच संपतं. त आणि ट यांचंही असंच आहे. टिमकी आणि टाकळी यांत ट, तर पेंचवरच्या तोतलाडोहमध्ये दोन्ही त. 'टोटलाडोह' असं वाचणारे पर्यटक दर हंगामात भेटतात. ड आणि द: दाभा हे दाभाच, 'डाभा' नाही.

तिसरी खूण 'एल'ची, आणि इथे नियम नाही, लक्षातच ठेवावं लागतं. ळ असलेली नावं: फुटाळा, जयताळा, कळमना, कळमेश्वर, पिपळा, झिंगाबाई टाकळी, गोकुळपेठ, मंगळवारी, केळीबाग, तुळशीबाग, चितारओळी. यातल्या बऱ्याच नावांत ओळखीचा मराठी शब्द दिसतो. केळी, तुळस, गोकुळ, मंगळ, ओळ हे शब्द घरात बोलतो तसेच नावात लिहायचे. महालाजवळची चितारओळी ही मूर्ती घडवणाऱ्या, रंगवणाऱ्या चिताऱ्यांची ओळ. गणपतीच्या दिवसांत तिथून गेलेला माणूस 'ओली' लिहिणार नाही. कळमना, जयताळा, फुटाळा यांना असा आधार नाही, ती पाठच करा. कळमन्याचं तर रेल्वेचं आणि बाजाराचं रोमन स्पेलिंगही एकसारखं नाही. आता उलटी बाजू. ळ आठवला की काही जण तो सगळीकडे लावतात. खामला, सोमलवाडा, बेलतरोडी, धंतोली, काटोल, देवलापार, पाचपावली यांत साधा ल आहे.

ण आणि न यांचंही लक्ष ठेवा. हिंगणा, छावणी, चिटणीस पार्क, पाटणसावंगी यांत ण. ड तर रोमनमध्ये कधी 'डी' होतो, कधी 'आर': जुन्या इंग्रजी पुस्तकांत उमरेड 'आर'नेच संपतं. पुस्तक वाचून कुणी 'उमरेर' नावाचं वेगळं गाव शोधत बसू नये.

राहिला 'झेड'. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, 'माझा' आणि 'माझी' एकापाठोपाठ म्हणून बघा म्हणजे कळेल. 'माझा'तला झ दाताजवळचा, 'माझी'तला टाळूचा. इ-ईच्या आधी टाळूचाच येतो. आता अंबाझरीतला झ 'माझा'सारखा आणि झिंगाबाई टाकळीतला 'माझी'सारखा. रोमनमध्ये दोन्हीकडे 'झेड' लिहितात. अंबाझरीला तो बऱ्यापैकी चालतो, पण झिंगाबाईला 'ज़िंगाबाई' करून टाकतो. जरीपटक्यातला ज 'जरा'सारखा म्हणायचा. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं निशाण, त्या 'जरी'चा तोच ज. फाळणीनंतर तिथे वसलेल्या सिंधी आणि हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी 'जिल्हा'सारखा ज येतो, तो त्यांच्या भाषेचा.

पायरी ३: बोली आणि चूक यांत फरक करा

विदर्भातल्या गावांत ळचा य होतो आणि णचा न. डोळ्याचं 'डोया', पाण्याचं 'पानी'. म्हातारी माणसं गावाचं नाव त्याच रीतीने उच्चारतात. ती चूक नाही. ती बोली आहे, तिला तिचा नियम आहे, आणि शहरातल्या शाळेत शिकलेल्याने तिला सुधारायला जाऊ नये. लिहिताना मात्र प्रमाण रूप घ्या. बोलीतून कानावर पडलेला न किंवा य लिहिण्यात आला की सातबाऱ्यातल्या नावाशी मेळ बसत नाही आणि पुढे अडचण होते.

हिंदीचाही विचार असाच करा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, त्याआधी नागपूर ज्या राज्याची राजधानी होतं तिथे मराठी आणि हिंदी दोन्ही चालत. आजही अर्धं शहर दोन्ही बोलतं. हिंदी पाटीवर 'महल', 'मंगलवारी', 'तुलसीबाग', 'नागपुर', 'भोंसले' ही रूपं योग्यच आहेत. मराठी पाटीवर ती येऊ नयेत. मराठीत महाल, मंगळवारी, तुळशीबाग, नागपूर, भोसले. पाचपावलीत 'पांच' नाही, 'पाच' आहे, आणि त्यातला च आपण आकडा मोजताना म्हणतो तोच.

पायरी ४: ऱ्हस्व-दीर्घ तपासा

यासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत, ते शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. नागपूरच्या नावांना त्यातलं थोडंच लागतं.

गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ: नागपूर, मानकापूर, भिवापूर. 'नागपूरला', 'नागपूरचा', 'नागपूरकर' यांतही दीर्घच राहतो. पण 'नागपुरात', 'नागपुरी संत्री', 'भिवापुरी मिरची' लिहिताना ऱ्हस्व होतो. हंसापुरीतला 'पु' त्याच कारणाने ऱ्हस्व.

दीक्षाभूमी हा शब्द नागपुरात रोज हजारो ठिकाणी लिहिला जातो आणि तो चुकलेला बघणं मला सगळ्यात जड जातं. 'दी' दीर्घ, 'भू' दीर्घ, 'मी' दीर्घ. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली त्या जागेचं नाव आहे हे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा बॅनर करणाऱ्याने छापण्याआधी ही तीन अक्षरं बोट ठेवून बघावीत.

शांतिनगर, त्रिमूर्तिनगर ही नावं नियमाप्रमाणे ऱ्हस्व 'ति'ने लिहायची, कारण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त आहेत. लक्ष्मीनगरमध्ये मूळचाच दीर्घ आहे, म्हणून 'मी'. पाट्यांवर 'शांतीनगर' सर्रास दिसतं. यावरून सोसायटीच्या सचिवाशी वाद घालण्यात अर्थ नाही, आपल्या हातून जाणाऱ्या मजकुरात नियम पाळा.

अनुस्वारही बघा. हुडकेश्वर रोडजवळचं पिपळा अनुस्वाराशिवाय आहे, पुण्याकडच्या पिंपळे गावांसारखं 'पिंपळा' नाही. मराठीत झाशी राणी चौक, 'झांसी' नाही.

पायरी ५: नाव वाक्यात घालून बघा

इंग्रजीतून आलेला मजकूर इथे लगेच पकडला जातो. 'हिंगणामध्ये प्लॉट विकणे आहे', 'वाठोडाला जायचे', असं लिहिलेलं वाचलं की कानाला टोचतं. आकारान्त नावाचं सामान्यरूप होतं: हिंगण्यात, वाठोड्यात, जयताळ्याला, कळमन्याहून, खामल्याचा, गोरेवाड्यात, दाभ्यात. नाव नीट फिरलं की ते मराठीत मुरलेलं वाटतं. ईकारान्त तसंच राहतं: इतवारीत, कामठीला, धंतोलीत.

शेवटी 'रा' असलेल्या नावांत खरी कसोटी आहे. सक्करदरा, इंदोरा, भंडारा यांचं सक्करदऱ्यात, इंदोऱ्यात, भंडाऱ्यात असं होतं. या 'ऱ्य'साठी नेहमीचा र चालत नाही. साधा र, हलन्त आणि य असं टाइप केलं की 'सूर्य'मधला रफार येतो आणि शब्द 'इंदोर्यात' असा मोडतो. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो, मग हलन्त, मग य. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं नावही असंच: ऱ, हलन्त, ह. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'जे'च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. 'एन'वर ल, शिफ्टसह ळ. या दोन कळा बोटांत बसल्या की नागपूर जिल्ह्याचं बरंचसं काम भागतं.

पायरी ६: सारखी दिसणारी नावं अलग करा

पार्सल, रुग्णवाहिका, पाहुणे, सगळ्यांच्या कामाची ही पायरी आहे. महालातलं चिटणीस पार्क वेगळं, सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर वेगळं. सदरजवळची मंगळवारी वेगळी, बिनाकी मंगळवारी वेगळी. बुधवार बाजार महालातही आहे आणि सक्करदऱ्यातही. नारा आणि नारी शेजारी आहेत पण एक नाहीत. वर्धा रोडवरची खापरी आणि औष्णिक वीज केंद्राचं खापरखेडा शहराच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत, आणि नुसतं 'खापर...' टाइप करून मॅपने सुचवलेलं पहिलं नाव दाबणारा माणूस उलट्या दिशेला निघतो. पत्ता देताना अशा नावांपुढे रोड किंवा शेजारची मोठी खूण जरूर लिहा.

एकाच जागेला दोन-तीन नावं असतील तर सगळी द्या. गांधीसागर, शुक्रवारी तलाव आणि जुम्मा तलाव हे एकच पाणी. इतवारी रेल्वे स्थानकाचं अधिकृत नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे, रिक्षावाल्याला मात्र 'इतवारी स्टेशन'च सांगा. तेलंगखेडी आणि तेलनखेडी ही दोन्ही रूपं मराठीत चालतात. ज्या संस्थेचा पत्ता लिहायचा तिच्या पाटीवरचं रूप घ्या आणि अख्ख्या मजकुरात तेच ठेवा.

पायरी ७: खात्री करायची तर कुठे

गाव किंवा जुनी वस्ती असेल तर महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका निवडा, गावांची मराठी यादी समोर येते. जिल्ह्यात १४ तालुके आहेत, नावात ळ आहे की ल हे तिथे पाच मिनिटांत कळतं. शहराच्या कडेच्या वस्त्याही मुळात गावंच, म्हणून घराच्या खरेदीखतात 'मौजा सोमलवाडा, प. ह. नं.' (पटवारी हलका नंबर) असं लिहिलेलं असतं. ते खत घरच्या कपाटात असतंच, उघडून बघा.

एसटीच्या पाट्या हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. मोरभवन बसस्थानकाच्या फलाटावर उभं राहून पारशिवनी, कुही, भिवापूर, देवलापारच्या गाड्यांच्या पाट्या वाचा. त्या मराठीतून मराठीत लिहिलेल्या असतात, रोमनला मध्ये वाव नसतो.

शहराच्या आतल्या पेठा आणि ओळींसाठी कागदापेक्षा माणूस बरा. तिथे तीन पिढ्या राहिलेल्या एखाद्या आजी-आजोबांना विचारा, आणि 'हे असं म्हणतात का?' असं विचारू नका, कारण पाहुण्याचं मन राखायला ते हो म्हणतील. 'काकाजी, या भागाला काय म्हणता?' असं विचारा आणि ऐका.

पायरी ८: कुठे दुरुस्त करायचं, कुठे हात लावायचा नाही

आधार, पासपोर्ट, बँक, सातबारा, मार्कशीट यांवरचं स्पेलिंग आपल्या मनाने बदलून दुसऱ्या अर्जात लिहू नका. एका कागदावर 'पी'वालं कामठी आणि दुसऱ्यावर 'पी'विना असेल तर पडताळणीत अर्ज अडकू शकतो. रोमन स्पेलिंग ज्या कागदावर जसं आहे तसंच उतरवा.

मराठी मजकुराबाबत मात्र सैल सोडू नका. पत्रिका किंवा पाटी छापायला देताना पत्ता मराठीतच टाइप करून पाठवा, जमत नसेल तर हाताने लिहून फोटो पाठवा. प्रूफ आलं की मजकूर सगळा वाचालच, पण गावाची नावं वेगळी, अक्षर-अक्षर सुटं करून वाचा: ज-य-ता-ळा, वा-ठो-डा. मॅपवर मराठी नाव चुकलेलं असेल तर 'बदल सुचवा'मध्ये जाऊन योग्य रूप टाका आणि सोबत गावच्या ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या पाटीचा फोटो जोडा. पुराव्यासह आलेली सूचना मान्य होण्याची शक्यता जास्त असते. दुकानाची पाटी रंगून झाली असेल तर पुढच्या रंगकामाच्या वेळी दुरुस्त करायला सांगा, आणि नाव नीट लिहिलेला कागद आत्ताच दुकानदाराच्या हाती देऊन ठेवा.